खडकवासला ते उजनी : पहिला पर्यावरण-माहितीपट करताना

माणसाने पृथ्वीचं काय केलं, हा विषय घेऊन कॅमेरा उचलणाऱ्या नवख्यांची पहिली फिल्म बहुधा सारखीच दिसते. फिरणारा निळा गोळा, धुराडी, भेगाळलेली जमीन, उकिरड्यावर प्लास्टिक चघळणारी गाय आणि मागे उदास बासरी. त्यातली निम्मी दृश्यं दुसऱ्याच कुणीतरी कुठेतरी टिपलेली असतात. बघणारा मान हलवतो आणि विसरतो, कारण 'हे कुठलं, कधीचं, कुणामुळे' असं विचारायला त्याला जागाच सापडत नाही.

म्हणून विषय पृथ्वीचा ठेवा, पण हातात एकच पाणी धरा. या लेखात उदाहरण घेतलं आहे ते पुण्याच्या मुठेचं: खडकवासल्याला धरणातून निघालेलं पाणी शहर ओलांडून उजनीच्या जलाशयात पोचेपर्यंत त्याचं काय होतं. लांबी १२ मिनिटं, माणसं दोन किंवा तीन, कॅमेरा म्हणून बरा मोबाईल. तुमच्याकडे पंचगंगा असेल, मिठी असेल, गोव्यातली साळ असेल. कृती तीच राहते.

आधी कागदावर पाण्याची रेघ ओढा

एका कोऱ्या कागदावर नदी आडवी काढा आणि तिच्यावर थांबे मांडा. मुठेसाठी ते असे होतात: खडकवासला धरण, विठ्ठलवाडी, भिडे पूल, मुळा-मुठेचा संगम, बंडगार्डनचा बंधारा, मुंढवा, रांजणगाव सांडस (इथे मुळा-मुठा भीमेला मिळते), भिगवणजवळचा उजनीचा फुगवटा (धरणामुळे मागे पसरलेलं पाणी). पुढे ते पाणी जलवाहिनीने सोलापूरला जातं आणि आषाढीच्या सुमारास नदीतून पंढरपूरला सोडलं जातं. एवढं मांडलं की फिल्मचा प्रश्न आपोआप पुढे येतो: पुण्याने वापरून सोडलेलं पाणी पुढे कुणाच्या हंड्यात जातं? प्रश्न एका वाक्यात आणि प्रश्नचिन्हासकट लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीवर चिकटवा. शूटिंगला गेल्यावर दर अर्ध्या तासाला काहीतरी सुंदर दिसतं आणि माणूस वाहवतो.

आता प्रत्येक थांब्यापुढे तीन गोष्टी लिहा: इथे पाणी कुठून येतं, कुठे जातं, आणि हे मला कोण सांगू शकेल. खडकवासल्यापाशीच नवख्यांची पहिली चूक होते. धरणातलं पाणी शहराला नदीतून मिळतं असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात ते बंद जलवाहिनीने पर्वतीकडे आणि कालव्याने शेतीकडे वळतं. पावसाळा सोडला तर धरणाखालच्या पात्रात फार थोडं पाणी उरतं. म्हणजे उन्हाळ्यात शहरात जी 'नदी' दिसते, ती बरीचशी नाल्यांनी भरलेली असते. ही एक गोष्ट प्रेक्षकाला पहिल्या दोन मिनिटांत नकाशावर कळली, तर पुढची दहा मिनिटं तो तुमच्याबरोबर चालतो.

आकडे : एकक चुकलं की सगळं पाणी चुकतं

पाण्याच्या बातम्यांत टीएमसी, क्युसेक आणि एमएलडी ही तीन एककं येतात. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये सांगायचं तर २८ लाखांहून जास्त टँकर. क्युसेक हा वेग आहे: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. साधारण साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी जातं. हा एक हिशेब पाठ करून ठेवा, पावसाळ्यात फार उपयोगी पडतो. एमएलडी म्हणजे दशलक्ष लिटर प्रतिदिन. घोटाळा होतो तो इथे. पुण्यासाठी 'जायका' या जपानी संस्थेच्या कर्जातून आखलेल्या ११ शुद्धीकरण केंद्रांची मिळून क्षमता ३९६ एमएलडी आहे. ते ३९.६ कोटी लिटर होतात, ३९६ कोटी नव्हेत. आणि क्षमता म्हणजे प्रत्यक्ष शुद्ध झालेलं पाणीही नव्हे. निवेदनात 'क्षमता' हा शब्द गाळला की वाक्य खोटं होतं.

साठ्याच्या आकड्यांतही असाच फरक आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी, त्यातलं एकट्या खडकवासल्याचं पाणी दोन टीएमसीही भरत नाही. उजनीत सुमारे ११७ टीएमसी मावतं, पण त्यातलं ६३ हून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेल्या तळच्या पाण्यात मोडतं. म्हणूनच उजनी 'उणे' गेल्याच्या बातम्या येतात आणि तरी धरणात पाणी दिसतं. हे न समजता 'धरण कोरडं पडलं' म्हणणारी फिल्म इंदापूरच्या शेतकऱ्याला दाखवली तर तो हसेल.

देशपातळीचा आकडा एखादाच घ्या आणि तो नीट वाचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ नदीपट्टे प्रदूषित म्हणून नोंदवले. महाराष्ट्रातले ५३, सर्व राज्यांत जास्त. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर आला, महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला. फक्त देशाचे दोन आकडे घेतले तर 'सुधारणा', फक्त महाराष्ट्राचे घेतले तर 'बिघाड'. घेणार असाल तर दोन्ही घ्या.

माहिती अधिकाराचा अर्ज लवकर टाका

शूटिंगच्या दोन महिने आधी टाकला तरच उपयोग. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस; उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. 'नदी इतकी घाण का झाली?' असं विचारू नका. कायद्याने मिळते ती कार्यालयात असलेली नोंद, खुलासा नाही. अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

'अमुक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मागील १२ महिन्यांत दररोज आलेल्या व प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्याच्या नोंदवहीची प्रत, तसेच त्याच काळातील सोडलेल्या पाण्याच्या बीओडी तपासणी अहवालांच्या प्रती मिळाव्यात. कलम २(जे) नुसार मूळ नोंदवही पाहण्याची परवानगी मिळावी.'

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन; आकडा जितका मोठा, तितकं पाणी घाण. अर्जातलं शेवटचं वाक्य विसरू नका. त्या कलमात नोंदी आणि काम प्रत्यक्ष पाहण्याचा, नमुने घेण्याचाही हक्क आहे. नोंदवही पाहायला गेलात की तिथले कर्मचारी भेटतात. त्यांच्याशी झालेल्या दहा मिनिटांच्या गप्पांतून कागदापेक्षा जास्त कळतं. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीवरच्या ठरावीक ठिकाणांची पाणी तपासणी प्रसिद्ध करतं. तुमच्या थांब्यांजवळचं ठिकाण शोधून त्याचे जुने आकडे एका तक्त्यात उतरवून घ्या.

तीन ऋतू, तीन फेऱ्या

एका शनिवार-रविवारात नदीची फिल्म होत नाही. पहिली फेरी एप्रिल-मे मध्ये: पात्रात पाणी कमी, नाले उघडे, जलपर्णी दाट. दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये, धरणातून विसर्ग सुरू झाल्यावर. भिडे पूल पाण्याखाली जातो, जलपर्णी वाहून खाली जाते, आणि शहर एकदम 'नदी वाहू लागली' म्हणून फोटो काढायला येतं. तिसरी नोव्हेंबर ते जानेवारी, उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात तेव्हा.

रोहितांविषयी एक सावधगिरी. गुलाबी थवा, पहाटेचं धुकं, होडी: हे दृश्य इतकं देखणं येतं की संकलनात ते शेवटी जाऊन बसतं आणि फिल्म 'निसर्ग अजून जिवंत आहे' अशा सुरात संपते. पण रोहित उथळ, गाळाच्या पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खातो. तो दिसला म्हणजे पाणी पिण्याजोगं, असं काही नसतं. हे दृश्य ठेवा, पण त्याच किनाऱ्यावरच्या पाण्याच्या आकड्यांशेजारी ठेवा.

पहिल्याच फेरीत प्रत्येक थांब्यावर एक पक्की जागा ठरवा, जिथून तिन्ही ऋतूंत तीच चौकट घ्यायची. 'पुलाचा तिसरा खांब डाव्या बाजूला, समोरचं देऊळ उजव्या कोपऱ्यात, कॅमेरा कठड्याला टेकवून, मुख्य लेन्स' अशी नोंद करा, चौकटीचा फोटो मोबाईलवर जपून ठेवा आणि पुढच्या वेळी तो समोर धरून जुळवा. वेळही तीच ठेवा. सकाळी आठची चौकट आणि दुपारी दोनची चौकट शेजारी लावली तर फरक पाण्याचा की उन्हाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पाण्याचा रंग हा पुरावा आहे, त्याला हात लावू नका

मोबाईल स्वतःहून रंग ठरवतो. हिरवट पाण्यावर कॅमेरा रोखला की तो त्यात जांभळा घालून हिरवेपणा मारतो. कॅमेरा थोडा आकाशाकडे वळवला की तेच पाणी पुन्हा वेगळं दिसतं. म्हणून व्हाईट बॅलन्स हाताने ठरवून अडकवून टाका: उन्हात ५६०० केल्विन. दर ठिकाणी पहिले पाच सेकंद करड्या रंगाचं कार्ड चौकटीत धरा. मोबाईलच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात हे जमत नसेल तर 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे मोफत अ‍ॅप घ्या.

बाकीच्या सेटिंग एकदाच करून विसरायच्या. २५ फ्रेम्स, शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० फ्रेम्सवर घेतलेल्या दृश्यात ट्यूबलाईट आणि स्वस्त एलईडी लपलपतात. घरातली मुलाखत वाया जाते ती बहुधा यामुळेच. भर उन्हात १/५० वर मोबाईलचं चित्र पांढरं पडतं, कारण त्याचं छिद्र लहान करता येत नाही. त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळसर काच लागते. एफ १.८ च्या मोबाईलला कडक उन्हात एनडी ६४ च्या आसपासची बसते. ती नसेल तर सकाळी नऊच्या आत आणि साडेचारनंतर काम करा. तसंही दुपारचं ऊन नदीला सपाट करून टाकतं.

पाण्यावरची चकाकी मारायला पोलराईझर वापरतात. पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं की त्याचा परिणाम सर्वांत जास्त. पुलावरून सरळ खाली रोखला तर जवळजवळ शून्य. पण लक्षात घ्या, तो फिरवला की तेच पाणी काळं किंवा स्वच्छ, दोन्ही दाखवता येतं. म्हणून पक्क्या चौकटींसाठी पोलराईझर लावूच नका. आणि संकलनात धरणाचं पाणी निळं व शहराचं पाणी तपकिरी 'करण्याचा' मोह आवरा. करड्या कार्डावर जुळवल्यावर जे दिसेल, तेच.

प्रत्येक थांब्यावर किमान सात शॉट घ्या: परिसर दाखवणारा रुंद, पाण्याचा मध्यम, पाण्याचा अगदी जवळून, नाला नदीत मिसळतो ती जागा, माणसाचे हात काहीतरी करताना, वर पाहणारा एक, आणि निव्वळ वाहतं पाणी एक मिनिट न हलवता. दर शॉट मनात २० पर्यंत मोजून धरा. तीन सेकंदांचे हलते तुकडे जमवून संकलनाच्या टेबलावर रडणारे खूप आहेत.

पाणी तपासा, पण घड्याळ बघून

दृश्य फेसाचं आणि निवेदन 'विषारी पाणी' असं. पुरावा काहीच नाही. हे टाळायचं तर किमान विरघळलेला ऑक्सिजन मोजा. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीप्रमाणे आंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा, मासे व वन्यजीवांसाठी किमान ४. स्वच्छ पाणी २५ अंशांवर समुद्रसपाटीला जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन धरतं. पुण्याची उंची धरली तर पावणेआठच्या आसपास. मीटर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मिळतो का बघा. वापरण्याआधी रोज हवेत जुळवून घ्यावा लागतो.

दोन सापळे आहेत. पहिला बंडगार्डनसारख्या बंधाऱ्याचा: पाणी वरून आपटताना हवा मिसळते, त्यामुळे बंधाऱ्याच्या लगेच खाली मोजलं तर आकडा फुगतो. वरच्या बाजूला, पाणी संथ आहे तिथे मोजा. दुसरा सापळा उजनीचा. शेवाळ दाटलेल्या पाण्यात दिवसा ऑक्सिजन तयार होतो आणि रात्री सगळेच तो वापरतात. दुपारी तीनला मोजलं तर आकडा नऊ-दहावर जाऊन पाणी 'उत्तम' वाटतं. पहाटे पाचला तिथेच तो फार खाली गेलेला असू शकतो, आणि मासे मरतात ते पहाटे. म्हणून दोन्ही वेळा मोजा आणि फिल्ममध्ये वेळ लिहून दाखवा. एकाच जागेचे ते दोन आकडे अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा जास्त सांगतात.

बीओडीसाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली निवडा. आंघोळीच्या पाण्यात बीओडी ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. ३० च्या वर गेलेला पट्टा केंद्रीय मंडळ पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट गटात टाकतं. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, परदेशी अभ्यासांत २० अंशांवर पाच दिवस. त्यामुळे दोन्ही आकडे डोळे मिटून शेजारी मांडू नका. नमुना प्रवाहाच्या मधोमध, पृष्ठभागाखाली वीतभर खोलीवरून घ्या. पुलावरून बादली आणि दोरी पुरते. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. जिवाणूंच्या चाचणीची बाटली मात्र निर्जंतुक असते, ती विसळायची नाही आणि वर थोडी हवा सोडायची. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान लिहिताना कॅमेरा चालू ठेवा. हे दृश्य फिल्ममध्येही वापरता येतं.

तुम्ही घेतलेला नमुना कायदेशीर पुरावा होत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून घेण्याची रीत ठरवून दिली आहे. म्हणून 'अमुक कारखाना नदीत विष सोडतो' असं म्हणू नका. 'या नाल्याच्या तोंडाशी आम्ही घेतलेल्या नमुन्यात बीओडी इतका आला' एवढंच म्हणा. अब्रुनुकसानीच्या दाव्यापासून हीच भाषा वाचवते, आणि ती खरीही असते.

आवाज

चित्र थोडं कमी चाललं तरी लोक बघतात, आवाज खरखरला की उठून जातात. नदीकाठी वारा असतोच, म्हणून कॉलर माईकवर फरची टोपी लावल्याशिवाय शूटिंग सुरू करू नका. माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, ओढणी किंवा उपरणं त्याला घासणार नाही असा. आवाजाची पातळी साधारण उणे १२ डेसिबलवर ठेवा, हसताना-रागावताना उणे ६ च्या वर जाऊ नये. मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज एक मिनिट घ्या. जोड लपवायला तोच लागतो. प्रत्येक थांब्यावर पाण्याचाही आवाज वेगळा घ्या. धरणाच्या दरवाजाखालचा गडगडाट, नाल्याचं गुळगुळणं आणि फुगवट्यावरची शांतता यांतून फिल्मचं अर्धं काम होतं, आणि मग बासरीची गरज उरत नाही.

मोबाईलची आणखी एक खोड: तो फ्रेम्सचा वेग कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होतात. फुटेज 'हँडब्रेक' या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेम्सवर काढून मगच संकलनात घ्या. जागेचाही हिशेब आधी करा: १०० एमबीपीएसने ४के घेतलं तर तासाला ४५ जीबी. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, एक घरी ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी.

माणसांशी बोलताना

'मामा, पूर्वी नदी कशी होती?' असं विचारलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही नदीवर एकच उत्तर येतं: 'आम्ही ओंजळीने पाणी प्यायचो.' ते खरं असतं, पण प्रत्येक फिल्ममध्ये तेच असतं. त्याऐवजी मोजता येईल असं विचारा. जाळ्यात मरळ, वाम शेवटची कधी लागली? आता किती किलोत चिलापी किती? जाळं किती दिवसांनी बदलावं लागतं? मोटार किती वर्षांत जळते? प्यायचं पाणी कुठून आणता, जारला किती देता? फुगवट्यावरच्या मासेमाराला चिलापीबद्दल बोलायला लावा, तो तासभर थांबणार नाही.

प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. मोठा विराम येतो तो सहन करा; चांगलं वाक्य त्यानंतर येतं. उत्तरात प्रश्न ऐकू येणार नाही, म्हणून 'हो, बरोबर' अशी उत्तरं निरुपयोगी ठरतात. आधीच सांगून ठेवा: 'काकू, मी विचारलेलं वाक्यात घेऊन सांगा.' संमती लेखी आणि मराठीत घ्या, किंवा कॅमेऱ्यासमोर नाव, तारीख आणि 'फिल्ममध्ये वापरायला हरकत नाही' एवढं म्हणवून घ्या. मुलं असतील तर आई-वडिलांची. मैलापाण्याच्या कामावरचे कंत्राटी मजूर तक्रार सांगत असतील तर चेहरा, आवाज आणि गणवेश, तिन्ही लपवा. चेहरा धूसर केला आणि कंत्राटदाराचं नाव छापलेलं जॅकेट तसंच राहिलं, तर माणसाची नोकरी जाते.

परवानग्या आणि जीव

धरणाच्या भिंतीवर चित्रीकरणाला मनाई असते. जलसंपदा विभागाकडे लेखी अर्ज करा किंवा लांबून, सार्वजनिक रस्त्यावरून घ्या. खडकवासल्याला तर शेजारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, त्या दिशेला कॅमेरा वळवूच नका. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, पण लोहगावच्या हवाई तळामुळे पुण्याचा बराच भाग त्यात येत नाही, आणि २५० ग्रॅमहून हलक्या ड्रोनलाही क्षेत्राचे नियम चुकत नाहीत. खरं सांगायचं तर ड्रोनचे दोन शॉट पुरतात. त्याऐवजी उपग्रहाची चित्रं बघा: सेंटिनेल-२ ची मोफत मिळतात, १० मीटर बारकाईची, २०१५ पासूनची. इन्फ्रारेड मिसळलेल्या रंगांत पाहिलं की जलपर्णी लाल दिसते आणि उजनीकडे सरकताना महिन्यागणिक ओळखू येते. तुलना मे ची मे शी करा. मे आणि ऑक्टोबर शेजारी ठेवले तर फरक फक्त पावसाचा निघेल. चित्रावर 'कोपर्निकस सेंटिनेल डेटा' आणि वर्ष लिहायचं असतं.

नाल्यात, चेंबरमध्ये उतरायचं नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाईडचा. प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच थांबतं, आणि तीच वेळ जीवघेणी असते. पात्रात गमबूट घालूनच जा, पायाला जखम असेल तर अजिबात नको. लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो. पावसाळ्यात विसर्गाची सूचना वाचल्याशिवाय पात्रात ट्रायपॉड लावू नका. वर ऊन असलं तरी पाणी धरणातून येतं.

संकलन

आधी कागदावर. सगळ्या मुलाखती लिहून काढा, उपयोगी वाक्यांपुढे वेळ टाका, चिठ्ठ्या कापा आणि जमिनीवर नदीच्या क्रमाने लावा. बारा मिनिटांत साधारण सत्तर शॉट मावतात. चार तासांचं फुटेज असेल तर वीसातलं एक मिनिट उरतं. 'डाव्हिंची रिझॉल्व्ह' या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती एवढ्या कामाला पुरते. संगणक अडखळत असेल तर आधी हलक्या प्रती बनवून त्यांवर काम करा.

निवेदन मिनिटाला ११० शब्दांच्या वेगाने वाचलं जातं. पाच मिनिटांचं निवेदन म्हणजे साडेपाचशे शब्द, त्याहून जास्त लिहिलंत तर नदीला बोलायला जागा राहणार नाही. पडद्यावर फेस दिसत असताना 'येथे फेस दिसत आहे' असं लिहू नका. फेस डिटर्जंटमधल्या रसायनांमुळे बंधाऱ्यावर आपटताना होतो, हे सांगा. मिनिटाला एकच आकडा. 'मानवाने निसर्गाचा ऱ्हास केला' यासारखी वाक्यं सरसकट कापा: कुठल्या मानवाने, हे त्यात कधीच नसतं. सोसायटीतला न्हाणीघराचा नळ, महापालिकेचं केंद्र, कारखान्याचा पाईप, साखरपट्ट्यातल्या उसाला दिलेलं आवर्तन: ज्याचं जे आहे ते त्याच्या नावावर ठेवा.

दुसऱ्याचं फुटेज वापरलंत तर त्यावर जागा आणि वर्ष लिहा. दुसऱ्या नदीतले मेलेले मासे मुठेच्या निवेदनाखाली लावले आणि एकाने ते ओळखलं, तर उरलेल्या अकरा मिनिटांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

उपशीर्षकं दोन ओळींची, एका ओळीत चाळीसेक अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी उडते. अंतिम प्रत काढल्यावर संपूर्ण फिल्म एकदा फक्त अक्षरांसाठी बघा. प्रत १९२०×१०८०, २५ फ्रेम्स, १५ ते २० एमबीपीएस पुरते. थिएटरात सार्वजनिक प्रदर्शन करायचं तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. ते आधीच धरून चाला. माहितीपटांसाठी मुंबईचा आंतरराष्ट्रीय लघुपट-माहितीपट महोत्सव १९९० पासून आहे, आणि पर्यावरणाच्या फिल्म्ससाठी पुण्यातला किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव.

त्याआधी मात्र कच्ची प्रत दोन ठिकाणी दाखवा. एकदा भिगवणच्या बाजूला, ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना, आणि एकदा शुद्धीकरण केंद्रातल्या एखाद्या अभियंत्याला. पहिल्या ठिकाणी माशांची नावं आणि गावांचा क्रम दुरुस्त होतो, दुसऱ्या ठिकाणी आकडे. दोन्हीकडे वही घेऊन मागच्या रांगेत बसा, आणि कोणत्या मिनिटाला लोक मोबाईल बघायला लागले ते टिपा. ती मिनिटं कापायची आहेत.